गंजाने जपून ठेवलेलं लाकूड

डेन्मार्कच्या फ्यून बेटावर लाडबी नावाचं गाव आहे, तिथलं एक टेकाड १९३५ मध्ये उकरलं तर आत व्हायकिंग सरदाराची कबर निघाली, जहाजातच पुरलेला आणि सोबत ११ घोडे. ख्रिस्ती व्हायच्या आधीची पद्धत ती, मोठ्या माणसाला असं सगळं बरोबर द्यायचं. पण जहाज कुठे होतं? लाकूड कधीच कुजून गेलेलं, मातीत उरला होता फक्त त्याचा ठसा आणि जवळपास २००० लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या एकमेकींना जोडणारे खिळे, तेही आपापल्या जागी रांगेत. त्यावरूनच कळलं की जहाज साधारण साडेएकवीस मीटर लांब होतं.

मला खरं वेड लावलं ते या रिव्हेटांनी. एकेक म्हणजे नुसता गंजाचा गोळा दिसतो. एका टोकाला गोल डोकं, दुसऱ्या टोकाला चौकोनी चकती, आणि मधलं अंतर मोजलं की एकमेकांवर चढवलेल्या दोन फळ्यांची जाडी हातात येते. फळ्या गेल्या, माप राहिलं!

त्याहून भारी गोष्ट मधल्या दांड्यावर असते, भिंगातून बघितलं की गंजावर चक्क लाकडाच्या रेषा दिसतात. होतं असं की ओल्या मातीत लोखंड गंजायला लागलं की त्यातले क्षार शेजारच्या लाकडात झिरपतात, तिथे बुरशी आणि जिवाणूंचं काम मंदावतं आणि तेवढ्यात पेशींच्या आत, भिंतींवर लोहाचा थर बसत जातो. मग पुढे लाकूड संपलं तरी पेशींचा साचा तसाच राहतो, इतका बारीक की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली झाड कुठलं तेही बरेचदा सांगता येतं. ओकमध्ये पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्या असतात, पाइनमध्ये तशा नसतातच.

म्हणून अशी वस्तू सापडली की ती घासून चकचकीत करायची नाही. पूर्वी खूप ठिकाणी गंज म्हणजे घाण समजून खरवडून टाकायचे आणि त्याच्याबरोबर लाकडाची शेवटची खूणही जायची, याचं मला फार वाईट वाटतं.

नॉर्वेतलं ओसेबर्गचं जहाज नशीबवान, घट्ट निळ्या चिकणमातीत हवाच पोचली नाही म्हणून १९०४ मध्ये लाकडासकट निघालं आणि झाडाच्या वर्तुळांवरून दफनाचं साल मिळालं, इसवी सन ८३४. पण अशी माती सगळीकडे कुठून असणार? नॉर्वेतच येल्लेस्तादला २०१८ मध्ये जमिनीत रडार सोडून जहाज सापडलं, खोदल्यावर लाकूड बहुतेक गेलेलंच होतं. तिथेही आता जहाजाचा आकार जुळवायचा तो त्या गंजक्या रिव्हेटांवरूनच.