उपचारकाच्या भावना : अडथळ्यापासून साधनापर्यंत

मानसोपचाराच्या सत्रात रुग्ण बोलत असताना समोर बसलेल्या उपचारकाचे मन कोरे नसते. त्याला कधी कंटाळा येतो, कधी धास्ती वाटते, कधी राग दाटून येतो. या भावनांचे करायचे काय, हा प्रश्न या व्यवसायाइतकाच जुना आहे आणि त्याचे पहिले उत्तर चाळीस वर्षांत पुरते उलटले.

सिग्मंड फ्रॉईड यांनी काउंटरट्रान्सफरन्स, म्हणजे प्रतिसंक्रमण, ही संज्ञा 1909 च्या जून महिन्यात कार्ल युंग यांना लिहिलेल्या पत्रात वापरली. निमित्त होते युंग आपल्या रुग्ण सबीना श्पिलराइन यांच्यात भावनिकदृष्ट्या गुंतल्याचे. पुढच्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या परिषदेत फ्रॉईड यांनी ती जाहीरपणे मांडली : रुग्णाच्या प्रभावाने उपचारकाच्या अबोध मनात भावना जाग्या होतात, त्या त्याने ओळखाव्यात आणि त्यांच्यावर मात करावी, कारण स्वतःच्या मनातील गाठी जिथे अडवतात त्यापलीकडे कोणताही उपचारक जाऊ शकत नाही. 1912 च्या लेखात त्यांनी शल्यविशारदाचा आदर्श पुढे ठेवला. शस्त्रक्रिया करताना तो जशी दयामायासुद्धा बाजूला सारतो, तसे विश्लेषकाने, म्हणजे मनोविश्लेषण करणाऱ्या उपचारकाने, करावे. त्याच लेखात आणखी एक उपमा आहे, ती म्हणजे विश्लेषकाने आपले अबोध मन टेलिफोनच्या रिसीव्हरसारखे रुग्णाकडे वळवावे. या दोन उपमा एकमेकींशी जुळत नाहीत, कारण ज्याने स्वतःच्या भावना बंद करून ठेवल्या त्याचा रिसीव्हर ऐकणार कसा? पुढच्या पिढीने मात्र प्रामुख्याने शल्यविशारदच उचलला.

या थंडपणाविरुद्ध सर्वांत आधी कळकळीने बोलले ते बुडापेस्टचे शांडोर फेरेंझी. 1932 मध्ये वीसबाडेन येथील परिषदेत त्यांनी सांगितले की रुग्णाचे आपण सौजन्याने स्वागत करतो, लक्ष देऊन ऐकण्याचे आश्वासन देतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या काही सवयी आपल्याला सहन होत नसतात; हे रुग्णाला कळते, पण तो बोलून दाखवत नाही. याला त्यांनी व्यावसायिक दांभिकता म्हटले. उपचारकाने चूक कबूल केली की रुग्णाचा विश्वास वाढतो, हा त्यांचा अनुभव होता. पुढच्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे म्हणणे बराच काळ बाजूला पडले.

खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये. 1947 च्या फेब्रुवारीत बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी प्रतिसंक्रमणातील द्वेषावर निबंध वाचला. युद्धकाळात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने नऊ वर्षांचा एक मुलगा तीन महिने घरी ठेवला होता. तो आधी सारखा पळून जाई. मग त्याचे पळणे थांबले आणि तो घरातच धुमाकूळ घालू लागला. प्रकरण हाताबाहेर गेले की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवत, मग पाऊस असो वा रात्र. बाहेर एक खास घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेतले जाई आणि झाल्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. मात्र बाहेर ठेवताना दर वेळी विनिकॉट त्याला सांगत, की तुझ्या या वागण्यामुळे मला तुझा द्वेष वाटतो. त्यांनी त्याला कधी मारले नाही, आणि आपला द्वेष स्वतःला ठाऊक नसता व मुलालाही सांगितला नसता तर मारावे लागले असते, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. आपल्या मनातल्या कडवटपणाशी इतक्या प्रामाणिकपणे भिडणारा मजकूर या शास्त्रात दुर्मीळ आहे, असे मला वाटते.

त्यानंतर दोनच वर्षांनी झुरिकच्या परिषदेत मनोविश्लेषक पॉला हायमान यांनी या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. उपचारकाच्या मनात उमटणारी भावना हे रुग्णाच्या अबोध मनाचा शोध घेण्याचे साधन आहे, असे त्यांनी मांडले. ती रुग्णावर ओतायची नाही, मनात धरून ठेवून तिचा अर्थ लावायचा. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या मेलनी क्लाइन यांना हे पटले नव्हते, आणि त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण स्वतःची जुनी दुखणी रुग्णाच्या माथी मारायला ही पळवाट ठरू शकते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आले. त्यांच्या 1957 च्या लेखात समानुभूतीच्या जोडीला उपचारकाच्या आतबाहेर एक असण्याची अट आहे. आपल्याकडे सहानुभूती आणि समानुभूती या शब्दांची सर्रास गल्लत होते. रॉजर्स यांना कणव अभिप्रेत नव्हती, दुसऱ्याचे जग त्याच्या जागी जाऊन, पण आपले भान न सोडता, जाणणे अभिप्रेत होते. ‘या रुग्णाची मला भीती वाटते’ असे उपचारकाला वाटत असेल तर त्याने ते स्वतःपासून लपवू नये, एवढी त्यांची अपेक्षा होती.

नंतरच्या दशकांत प्रश्नावल्या आणि ध्वनिमुद्रणे आली आणि या गोष्टी मोजल्या जाऊ लागल्या. 2018 च्या एका एकत्रित विश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडणाऱ्या पाहणीत, 82 नमुने आणि 6,138 रुग्ण होते. समानुभूती आणि उपचाराचे फलित यांचा सहसंबंध 0.28 इतका, म्हणजे मध्यम पण ठाम आढळला. अशा विश्लेषणांतून हेही दिसले, की समानुभूतीबाबत रुग्णाने केलेले मूल्यमापन फलिताशी जितके जुळते, तितके उपचारकाने स्वतःबद्दल केलेले जुळत नाही.