‘न्यूज’ आणि चार दिशा : एक खुलासा

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ या चार दिशांच्या आद्याक्षरांपासून ‘न्यूज’ हा इंग्रजी शब्द बनला, असे सांगणारा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. अक्षरे अचूक जुळतात आणि बातम्या चहूकडून येतात, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात ‘न्यू’, म्हणजे नवा, या विशेषणाला अनेकवचनाचा ‘एस’ लागून हा शब्द तयार झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ ‘नव्या गोष्टी’ असा होता आणि पंधराव्या शतकात तो ‘वार्ता’ या अर्थाने रूढ झाला. इंग्रजीतील छापील वार्तापत्रे 1620 च्या सुमारास आली, म्हणजे शब्द त्यांच्याहून बराच जुना आहे. फ्रेंचमध्येही ‘नवी’ या अर्थाच्या विशेषणाचे अनेकवचन, ‘नूव्हेल’, बातम्यांसाठी वापरले जाते. तेथे दिशांची आद्याक्षरे जुळतच नाहीत.

पडताळणीसाठी व्युत्पत्ती देणाऱ्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशातील नोंद पाहावी. जुन्या लेखनात ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असे पाच अक्षरी रूप आढळते, आणि त्यातील जादा ‘ई’ला कोणती दिशा द्यायची, हा प्रश्नच आहे. शिवाय आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे.

पूर्वी हा शब्द अनेकवचनी क्रियापदासहही येत असे. आज तो एकवचनी, पण न मोजता येणारा मानतात. म्हणूनच मराठीतील ‘एक बातमी’च्या सवयीने आपण म्हणतो ते ‘अ गुड न्यूज’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही; तेथे ‘अ पीस ऑफ न्यूज’ किंवा नुसते ‘गुड न्यूज’ म्हणावे लागते.