मेळाव्यासाठी आजी-आजोबांचा फोटो देताना

संक्रांतीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, दिवाळीला नाहीतर मे महिन्यात पुण्या-मुंबईची, हैदराबादची मंडळी सोलापुरात येतात. घरचे मेळावेही याच दिवसांत ठरतात. मग चार दिवस आधी कुणीतरी आजोबांचा जुना फोटो भिंतीवरून उतरवून नीट करून घ्यायला आमच्याकडे आणतं. तीन आठवडे आधी या, ही आमची पहिली विनंती.

दुसरी त्याहून महत्त्वाची: फोटो फ्रेममधून घरी काढू नका. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. ओल्या हाराचं पाणी किंवा पावसाळ्यातली भिंतीची ओल लागली की तो थर मऊ होतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. तो ओढला तर कागद हातात येतो, चेहरा काचेवर राहतो. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एका आजोबांचा उजवा गाल असा गेला. त्यांची मुलगी काही बोलली नाही, काच फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. तेव्हापासून चिकटलेला फोटो आम्ही काचेसकटच स्कॅन करतो. काचेवरचं कुंकूसुद्धा ओल्या फडक्याने पुसू नका, कडेने पाणी आत शिरतं.

जुने रंगीत फोटो लालसर दिसतात, कारण बरेचदा त्यातला निळा-हिरवा रंग आधी विरतो. तो बऱ्यापैकी परत आणता येतो. निगेटिव्ह सापडली तर फारच उत्तम, ती कडेला धरून आणा. बाहेरगावाहून मोबाइलवर पाठवणार असाल तर फोटो सावलीत, फ्लॅश बंद ठेवून काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर त्यातले बारकावे जातात.

हल्ली मोबाइलवर मिनिटभरात जुना फोटो नवा होतो. डोळे टपोरे, कातडी गुळगुळीत. पण तो चेहरा अंदाजाने बनवलेला असतो, आणि ज्यांनी आजीला पाहिलंय ते लगेच म्हणतात, ही आमची आजी नाही. आम्ही चिरा, बुरशी, डाग काढतो. डोळे-ओठ नव्याने बनवत नाही. कपाळावरचं गोंदण, देवीचे व्रण, सुरकुत्या यांना घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही.

काही आज्यांचा धड एक फोटोही नसतो. विड्या वळून संसार केलेल्या एका आजीचा लग्नाच्या ग्रुपमध्ये, दुसऱ्या रांगेत, तुरीच्या डाळीएवढा चेहरा होता, तोही पदराआड अर्धा. नातवाला दोन फुटी फोटो हवा होता. तेवढा मोठा केला असता तर नुसते ठिपके दिसले असते. आम्ही तो पोस्टकार्डाएवढाच ठेवला आणि शेजारी तिची पानं कापायची कात्री मोठी छापली. मुठीला गुंडाळलेली चिंधी आईच्या हिरव्या लुगड्याची आहे, हे तिच्या धाकट्या मुलीने आमच्या टेबलावरच ओळखलं. तेव्हा फोटो नसला तरी या. चष्मा, अडकित्ता, मिलमधला बिल्ला, सही असलेला कागद, काहीही आणा.

नावाची पट्टी घरात जसं म्हणत होते तशीच करून घ्या. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांत आजोबा म्हणजे ताता, तिथे ‘आजोबा’ परकं वाटतं. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही पट्टी करून मिळेल, मजकूर मात्र घरच्या जाणत्या माणसाकडून लिहून आणा. साल आठवत नसेल तर ज्येष्ठांना साल विचारू नका. तेव्हा मिल चालू होती का, कुठली, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू की नरसिंग गिरजी, भोंगा झाल्यावर आजोबा कुठून यायचे, असं विचारा. बोलणं आपोआप सुरू होतं. शेजारी एकाने मोबाइलवर ते रेकॉर्ड करत बसावं.

मेळाव्याला मूळ फोटो नेऊच नका, प्रत न्या. हार घालायचा तर चंदनाचा घाला. ओळख न पटलेल्या फोटोंच्या प्रती आम्ही आकडे घालून मोठ्या कागदावर देतो. तो कागद जेवणाच्या मांडवाजवळ टेबलावर ठेवा, सोबत दोरीने बांधलेला पेन. हुरडा, कडक भाकरी, शेंगाचटणी होईपर्यंत निम्मी नावं लागलेली असतात. घरी गेल्यावर ती नावं मूळ फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.