काता: आयुष्यभर पुरणारा व्यायाम
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे पत्रक मुलाला कराटेच्या वर्गात सोडून बाहेर बाकावर बसून राहणाऱ्या आई-बाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. "या वयात आम्हाला जमेल का हो?" असं तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. जमेल, आणि त्यासाठी कुणाशी लढावंही लागणार नाही.

कराटेत तीन भाग असतात. किहोन म्हणजे सुट्या हालचालींचा सराव, कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत आणि काता म्हणजे अडवणं, ठोसा, लाथ, वळण या हालचाली ठरलेल्या क्रमाने एकट्याने करणं. मोठ्यांच्या तुकडीत आम्ही मुख्यतः काताच शिकवतो.

जपानमधल्या ओकिनावा बेटावरचे अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेलं आणि मुलांना पेलतील असे पाच काता बसवले. आम्ही शिकवतो त्या शोतोकान शैलीत त्यांना हेइयान म्हणतात. 1908 साली लिहिलेल्या पत्रात इतोसूंनी कराटेने हाडं-स्नायू बळकट होतात, पचन आणि रक्ताभिसरण सुधारतं, जुने जाणकार दीर्घायुषी झाले, असं म्हटलं आहे. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी तेक्की नावाचे तीन काता शिकण्यात दहा वर्षं घालवली. ते 88 वर्षं जगले. एकट्या कातामुळे कुणी दीर्घायुषी होतं, असा दावा आम्ही करणार नाही. पण थोडंच शिकावं आणि ते वर्षानुवर्षं घोटावं, ही त्यांची रीत आम्हाला मनापासून पटते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या काताचं सुवर्णपदक स्पेनच्या सँड्रा सांचेझ यांनी जिंकलं, तेव्हा त्या 39 वर्षांच्या होत्या.

पहिला काता: हेइयान शोदान

एकूण 21 हालचाली. सावकाश केला तरी मिनिट-दीड मिनिटात होतो. सुरुवातीला डावीकडे वळून लांब पवित्रा घ्यायचा: पुढचा गुडघा वाकलेला आणि बोटांच्याच दिशेने, मागचा पाय ताणलेला, टाच जमिनीला चिकटलेली. दोन-चार फेऱ्यांतच मांड्या भरून येतात. शेवटच्या चार हालचालींत उलटं होतं, सुमारे 70 टक्के वजन मागच्या पायावर जातं. वजन असं पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेत राहणं हाच तोलाचा व्यायाम. पुढे काय करायचं हे आठवत राहावं लागत असल्याने लक्षही भरकटत नाही.

खरी काळजी घ्यायची ती वळणांवर. तिसऱ्या वरच्या अडवणीनंतर पाऊण फेरा घेऊन वळायचं असतं. इथे नवखी माणसं उजवं पाऊल जमिनीत रोवून ठेवतात आणि वरचं शरीर फिरवतात. सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून आम्ही हे वळण तुकड्यांत शिकवतो: आधी मान वळवून बघा, डावा पाय उजव्याजवळ आणा, उजवं पाऊल गुडघ्यासोबतच फिरू द्या, मग डावा पाय टाका आणि शेवटी हात. हे अंगवळणी पडेपर्यंत वेग वाढवायचा नाही. गुडघे दुखत असतील तर पवित्रा उंच ठेवा. खाली बसलेला पवित्रा फोटोत छान दिसतो, पण साठीत त्याची गरज नाही.

या कातात उजव्या बाजूला जरा जास्त काम आहे. मुठीचा वरून खाली येणारा फटका तर फक्त उजव्याच हाताचा. त्यामुळे नीट बसल्यावर आरशात दिसतो तसा, उलट्या बाजूनेही करायचा. परीक्षेत तो विचारत नाहीत, शरीराला मात्र हवा असतो.

श्वास कोंडू नका. ठोसा पोचताना श्वास सोडायचा. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना आम्ही हांगेत्सुसारखे, अंग आवळून करायचे काता देत नाही.

कातात काय मिळत नाही

ओढण्याची ताकद फारशी वाढत नाही, म्हणून वर्गात रबरी पट्ट्यांचा व्यायामही असतो. निव्वळ वजन उतरवायचं असेल तर जेवणाकडे बघावं लागेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते आणि 65 वर्षांपुढच्यांना त्यासोबत आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकदीचा सराव. आमच्या मते उत्तम जोड अशी: रोज भरभर चालणं आणि एक दिवसाआड काता.

घरी करताना

हॉलमधला टीपॉय बाजूला केला की बहुतेक फ्लॅटमध्ये जागा होते. कमी पडली तर दोन पावलं पुढे गेल्यावर एक मागे घ्या, क्रम मोडू नका. अनवाणी करा. टाइल्सवर मोजे घालून कधीही नको. खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करून पाय आपटू नका आणि पहाटे किआईची, म्हणजे जोराच्या हालचालीसोबत द्यायची, आरोळी मनातच द्या.

पहिल्या दिवशी

सैल ट्रॅक पँट आणि टी-शर्ट पुरे. कराटेचा ड्रेस लगेच घेऊ नका, महिनाभर येऊन बघा. बेल्टची परीक्षा मोठ्यांना ऐच्छिक आहे. पोटभर जेवण दोन तास आधी झालेलं असावं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावं. हृदयविकार, चक्कर, मणक्याचा त्रास किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांची लेखी परवानगी सोबत आणा आणि वर्ग सुरू होण्याआधी आम्हाला दाखवा.