पुढचं दार, परसदार आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट

बेळगावात वडगाव-शहापूरकडची जुनी घरं लांबुडकी असतात. पुढचं दार आणि परसदार एका रेषेत. एप्रिलच्या दुपारी दोन्ही उघडली की झुळूक घरभर फिरते, एक लावून घेतलं की दुसरं कितीही मोठं असो, वारा पडतो. कॉम्प्युटरचं कॅबिनेट पारखताना मी आधी ही दोन दारं शोधतो. रंगीत दिवे नंतर.

वडगावातल्या एका यंत्रमागवाल्या घरी साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढतात. काम सुरू केलं की अर्ध्या तासात मशीन रेंगाळायचं. प्रोसेसर 95-100 अंशांना पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, तसंच चाललं होतं. घरातले मामा म्हणाले, "पंखे तर सगळे फिरूलालेत की, मग तापतंय का?"

पंखे खरंच फिरत होते. पुढे तीन, मागे एक. पण कॅबिनेटचं तोंड अख्खं काचेचं, आणि हवेला वाट फक्त काचेच्या दोन्ही कडांच्या फटींतून. पट्टी लावली. प्रत्येक फट 1 सेंटिमीटर रुंद, 40 सेंटिमीटर उंच, म्हणजे दोन्ही मिळून 80 चौरस सेंटिमीटर. 120 मिलिमीटरच्या एका पंख्याची मधली गाठ वजा केली तर हवा ओढायची जागा साधारण 100 चौरस सेंटिमीटर, तिघांची 300. तीनशेची तहान आणि ऐंशीची वाट! त्यात फटीमागच्या फिल्टरवर मागावरच्या सुताचे तंतू बसलेले. बोटानं कोपरा उचलला, तर अख्खा थर घोंगडीच्या तुकड्यासारखा एकसंध निघाला.

हवा लागते तरी किती? प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि बाकीचे भाग मिळून 300 वॉट उष्णता सोडतात असं धरू. एक किलो हवा एक अंशानं तापायला सुमारे 1000 जूल लागतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ, घनमीटरला साधारण 1.1 किलो. आत शिरलेली हवा 10 अंशांपेक्षा जास्त तापून बाहेर पडू नये असं वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे 27 लिटर हवा आरपार जायला हवी. दर सेकंदाला दोन बादल्या! एवढी हवा दोन फटींतून ओढताना पंखे नुसते घुमतात.

"गरम हवा वर जाते, म्हणून वरती पंखा हवाच," असं दुकानात हमखास सांगतात. वर जाते हे खरं, पण तिचा जोर केवढा? 45 सेंटिमीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये 10 अंशांच्या फरकानं जेमतेम 0.16 पास्कल दाब तयार होतो. साधा पंखा 10 पास्कलच्या पुढे दाब देऊ शकतो. त्यामुळे पंखा ढकलेल तिकडेच हवा जाते. 1995 साली इंटेलनं एटीएक्स ही कॅबिनेटच्या आतल्या भागांची मांडणी आणली, तेव्हा एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यानं बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडावी अशी मूळ कल्पना होती. तेव्हाचे प्रोसेसर दहा-पंधरा वॉटचे, त्यांना ते चाललं. पुढे तो पंखा उलटा, म्हणजे हवा बाहेर टाकणारा झाला.

वायरी मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीच्या, मागून नेल्या की दिसायला छान आणि दुरुस्तीला सोपं. पण आजच्या कॅबिनेटमध्ये त्यानं तापमान फारसं उतरत नाही, हा माझा अनुभव.

पारखायची माझी रीत साधी. मशीन अर्धा तास राबवायचं, प्रोसेसरचं तापमान बघायचं आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. बेळगावची डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत इतका फरक की नुसता आकडा फसवतो. मग बाजूचं झाकण काढून पुन्हा तेवढंच राबवायचं. दोन-तीन अंशच उतरले तर कॅबिनेट चांगलं. दहा उतरले तर ते गुदमरतंय. शेवटी उदबत्ती. वीतभर लांब धरून फटीफटीशी न्यायची. फिल्टर नसलेल्या फटीतूनही धूर आत ओढला जात असेल, तर बाहेर टाकणाऱ्या पंख्यांचा जोर जास्त आहे, आणि धूळ तिथूनच शिरणार. फिल्टरमधून आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की बाकीच्या फटींतून वारा बाहेर येतो. सुताच्या, तंबाखूच्या किंवा तांबड्या मातीच्या धुळीत हे फार मोलाचं.

मामांच्या मशीनला झाकण काढल्यावर 14 अंशांचा फरक पडला. काचेच्या जागी जाळी बसवली आणि टेबलाच्या कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढलं, कारण तिथं मागची गरम हवा फिरून पुन्हा तोंडाशीच येत होती. आता दर पंधरवड्याला फिल्टर नळाखाली धुतात, आणि मागाच्या खोलीपासून लांब, परसातल्या दोरीवर पूर्ण वाळवूनच परत लावतात.