कॅमेरा एकदा बसवला की हलवू नका

जंगल, माळ, तळं किंवा किनारा कसा बदलतोय ते कॅमेऱ्याने टिपायचं ठरवलं की बहुतेक ग्राहक पहिल्यांदा मेगापिक्सेल विचारतात. आम्ही आधी खांबाचं विचारतो. वाऱ्याने कॅमेरा जरासा जरी फिरला, तरी दूरच्या झाडांच्या जागी आभाळ येतं आणि मागच्या वर्षीच्या चित्रणाशी ताळमेळ बसत नाही. खांब पक्का हवाच, शिवाय चौकटीत न हलणारी एखादी खूण, म्हणजे मोठा खडक वगैरे, असू द्या. कॅमेरा सरकलाच तर तिच्यावरून फ्रेम पुन्हा जुळवता येते.

दुसरी अडचण रंगाची. पालवी कधी फुटली, पानं कधी पिकली हे ठरवण्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती ते काढतात. २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फेनोकॅम या कॅमेऱ्यांच्या जाळ्यात हीच रीत वापरतात. ऑटो व्हाइट बॅलन्स इथेच घात करतो: चित्र छान दिसावं म्हणून कॅमेरा परस्पर रंग बदलतो, मग झाड पिवळं पडतंय की कॅमेरा लबाडी करतोय ते कळत नाही. आम्ही ते बंद करूनच देतो. कृपया चालू करू नका.

पालवीसाठी अखंड व्हिडिओ लागत नाही, अर्ध्या तासाला एक फ्रेम पुष्कळ झाली. नदीचा वेग मोजायला मात्र व्हिडिओच हवा. फेस किंवा तरंगती पानं दोन फ्रेमांमध्ये किती सरकली ते त्यात मोजतात. पाणी तळाशी संथ असतं, म्हणून वरच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणून सरासरी काढतात.

प्राणी समोर आला की कॅमेरा सुरू करणारा सेन्सर हलत्या उष्णतेवर चालतो. उन्हात तापून डुलणारं गवतही त्याला फसवतं आणि मेमरी कार्ड नको त्या फोटोंनी भरून जातं, तेव्हा कॅमेऱ्यापुढचं तेवढं गवत काढा. पाण्याखाली वेगळाच पेच: तोच मासा दहादा समोरून गेला तर मासे दहा धरायचे? नाही. एका फ्रेममध्ये एकाच वेळी जास्तीत जास्त जितके दिसले, तोच आकडा धरतात.

कार्ड बदलायला जाल तेव्हा काच पुसा. घड्याळ चुकलं असेल तर किती मिनिटांनी चुकलं ते वहीत लिहा, मगच दुरुस्त करा. कॅमेरा बदलायचा झाला तर जुना काढण्याआधी आम्हाला कळवा. नवा काही आठवडे त्याच्या शेजारी चालवून दोघांच्या रंगांतला फरक मोजावा लागतो.