बोनफिश दिसत नाही, दिसते ती त्याची सावली

पोलराइज्ड गॉगलची जाहिरात बहुतेकांनी पाहिलेली असते. साध्या काचेतून समुद्र म्हणजे नुसता चकचकाट. गॉगलची काच मध्ये सरकवली की पाणी गायब, आणि तळाशी पोहणारे मासे लख्ख दिसू लागतात. फ्लोरिडा कीज, बहामा, बेलीझ, सेशेल्स किंवा किरिबाटीतलं किरितिमाती बेट अशा ठिकाणी फ्लाय फिशिंगच्या सहलीला निघालेला माणूस सगळ्यात आधी हा गॉगल विकत घेतो. घ्यावाच. पण जाहिरातीतला फोटो काढताना कॅमेरा कुठे धरला होता, हे कुणी सांगत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

आधी खेळाविषयी थोडक्यात. फ्लाय म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसं, केस आणि चमकीचे धागे गुंडाळून केलेली नकली कोळंबी नाहीतर खेकडा. तिला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन. बोनफिश या चांदीसारख्या माशासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ८ नंबरच्या लाइनीच्या पहिल्या ९ मीटरचं वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असतं. लाइन पुढे जाते आणि फ्लाय तिच्यामागून जाते. इथे गळ टाकून वाट बघत बसायचं नसतं. भरतीचं पाणी चढू लागलं की गुडघाभर किंवा त्याहून उथळ अशा वाळूच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्लॅट्सवर, मासे चरायला येतात. आधी मासा डोळ्यांनी हेरायचा, मग त्याच्या तोंडासमोर फ्लाय टाकायची. बोनफिश, परमिट, टार्पन आणि हिंदी-प्रशांत महासागरातला दांडगा जायंट ट्रेव्हली हे या खेळातले मानकरी. म्हणजे हा खेळ निम्मा तरी प्रकाशशास्त्राचा आहे, आणि मला त्यात रस आहे तो त्यामुळेच.

पाण्यावरची चमक म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. प्रकाश ही लहर आहे आणि तिच्यातलं विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या वाटेला काटकोनात थरथरतं, हे शाळेत येऊन गेलेलं असतं. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात ही थरथर साधारणपणे सगळ्या दिशांची असते. पाण्यावरून परतताना मात्र त्यातली आडवी थरथर जास्त परतते, उभी कमी. परावर्तनाने प्रकाशाचं असं ध्रुवण (म्हणजेच पोलरायझेशन) होतं हे एतिएन मालुस या फ्रेंच अभियंत्याने १८०८ मध्ये काचेच्या बाबतीत पाहिलं. १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने त्याचा नियम सांगितला: आपतन कोनाचा, म्हणजे येणारा किरण पृष्ठभागावरच्या उभ्या रेषेशी (स्तंभिकेशी) करतो त्या कोनाचा, टॅन्जंट जेव्हा पदार्थाच्या अपवर्तनांकाएवढा (तो प्रकाश किती वळवतो त्या आकड्याएवढा) असतो, तेव्हा उभ्या थरथरीचा प्रकाश अजिबात परतत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून हा कोन स्तंभिकेपासून सुमारे ५३ अंशांचा.

का परतत नाही, हे कारण फार देखणं आहे. पाण्यात शिरलेला प्रकाश तिथल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो, आणि ते हलणारे इलेक्ट्रॉनच परावर्तित प्रकाश बाहेर टाकतात. पण हलणारा इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो त्या रेषेच्या दिशेने प्रकाश टाकू शकत नाही. तो फेकतो आजूबाजूला. ब्रूस्टरच्या कोनाला पाण्यात शिरलेला किरण आणि परावर्तित किरण एकमेकांशी बरोबर काटकोन करतात. उभ्या थरथरीने हलणारे इलेक्ट्रॉन तेव्हा नेमके परावर्तित किरणाच्याच रेषेत हलत असतात. त्या दिशेला त्यांच्याकडून काहीच निघत नाही. उरते ती फक्त आडव्या थरथरीची चमक, आणि गॉगलची काच आडवी थरथर अडवते. चमक शून्य!

हे झालं ५३ अंशांना. आता गणित करू. तुम्ही पोटरीभर पाण्यात उभे आहात आणि तुमचे डोळे पाण्याच्या वर दीड मीटरवर आहेत. चमक पूर्ण नाहीशी होईल अशी जागा तुमच्यापासून किती लांब? उंची गुणिले १.३३, म्हणजे दोन मीटर. जाहिरातीतला फोटो तिथला आहे. बोनफिश दोन मीटरवर येईपर्यंत त्याने तुम्हाला केव्हाच पाहिलेलं असतं. त्याच्यावर फ्लाय टाकायची ती पंधरा मीटरवरून.

पंधरा मीटरवर तुमची नजर पाण्याला जेमतेम ५.७ अंशांनी भिडते, म्हणजे आपतन कोन ८४ अंशांच्या वर. किती प्रकाश परततो हे सांगणाऱ्या फ्रेनेलच्या सूत्रांत हा आकडा घातला की आडव्या थरथरीचा ६४ टक्के प्रकाश परततो असं उत्तर येतं, आणि उभ्या थरथरीचाही ४५ टक्के. उघड्या डोळ्यांना सरासरी ५४ टक्के चमक दिसत होती, गॉगल लावल्यावर ती ४५ टक्के झाली. एवढाच फरक! पाण्याखालून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश आणि वरची चमक यांचं गुणोत्तर थोडं सुधारतं, पण पाणी गायब वगैरे काही होत नाही. (आकडेमोड नको असेल त्याने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवावं की लांबवर बघताना गॉगल थोडाच कामाला येतो.)

आता तुमचे डोळे पाण्यापासून तीन मीटर उंच न्या. पंधरा मीटरवरचीच जागा, पण नजर ११ अंशांनी उतरते, आणि गॉगलमधून दिसणारी चमक ४५ वरून २० टक्क्यांवर येते. काच तीच, किंमत तीच. म्हणून फ्लॅट्सवरच्या उथळ बोटींना मागे, मोटरच्या वर, एक उंच फळी बसवलेली असते. गाईड तिच्यावर उभा राहून लांब बांबूसारख्या दांड्याने बोट ढकलतो. तो पाहुण्याच्या आधी मासा बघतो त्यात अनुभवाचा वाटा मोठा आहेच, पण जास्तीच्या उंचीचाही आहे.

आणखी एक साधी गोष्ट. चमक म्हणजे प्रतिबिंब असेल, तर ते कशाचं आहे यावर सगळं ठरतं. क्षितिजावर पांढरे ढग असतील तर गॉगल लावूनही समोर पांढरं पत्र्याचं छप्पर पसरल्यासारखं दिसतं. त्याच पाण्यात कांदळवनाच्या गर्द झाडीचं प्रतिबिंब पडत असेल तिथे उघड्या डोळ्यांनीही तळ दिसतो. सूर्य पाठीशी आणि काळोखी किनार समोर ठेवून चालणं हे कुठल्याही महागड्या काचेहून जास्त उपयोगाचं. शिवाय आकाशाचा निळा प्रकाश स्वतःच थोडा ध्रुवित असतो, सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात जास्त. गाईड लोक मान तिरपी करून पाण्याकडे बघताना दिसतात ते यामुळे: काच काही अंश फिरवली की उरलीसुरली चमक आणखी उतरते.

समजा, चमक हटली. तरी मासा दिसत नाहीच. आता गाठ पडते ती त्याच्या अंगावरच्या आरशाशी.

बोनफिशच्या बाजू चांदीसारख्या असतात, पण त्यात धातूचा कणही नाही. ती चकाकी ग्वानिनची. हो, डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी' म्हणजे तेच हे. माशाच्या कातडीत आणि खवल्यांवर ग्वानिनचे अतिपातळ स्फटिक पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले असतात आणि मधल्या फटींत पेशीतला द्रव असतो. ग्वानिनचा अपवर्तनांक १.८३ च्या आसपास, द्रवाचा १.३३ च्या जवळ. एका सीमेवरून जेमतेम अडीच टक्के प्रकाश परततो. पण अशा कितीतरी सीमा एकामागे एक आल्या आणि स्फटिकाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीशी नीट जुळली, तर परतणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात. हिरव्या प्रकाशासाठी ही जाडी सुमारे ७५ नॅनोमीटर येते. जाडी थोडी बदलली की दुसरा रंग परततो. वेगवेगळ्या जाडीचे थर एकत्र आले की सगळे रंग परततात आणि आपल्याला चांदी दिसते. नकली मोत्यांना चमक द्यायला माशांच्या खवल्यांतलं हेच ग्वानिन वापरलं जायचं.

आरसा लपवतो कसा, हे इंग्लंडमधल्या प्लिमथचे सागरी जीवशास्त्रज्ञ एरिक डेंटन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत उलगडून दाखवलं. खुल्या समुद्रात प्रकाश वरून सर्वात जास्त, बाजूंनी कमी आणि खालून सर्वात कमी येतो, पण उभ्या रेषेभोवती तो सगळीकडे जवळजवळ सारखा असतो. अशा जागी आरसा अगदी उभा धरला, तर त्यात दिसणारं पाणी आणि आरशामागचं पाणी यांचा उजेड एकच. आरसा आहे हे कळणारच नाही. माशाचं अंग गोलसर असलं तरी स्फटिक त्या गोलाईप्रमाणे वळत नाहीत. बाजूंवर ते जवळपास उभेच राहतात. मला हे निसर्गातल्या सगळ्यात हुशार युक्त्यांपैकी एक वाटतं.

इथे ध्रुवण पुन्हा हजर होतं. आरशावरून परतलेला प्रकाशही ध्रुवित व्हायला हवा, आणि मग ध्रुवण ओळखणाऱ्या डोळ्यांना मासा पकडता यायला हवा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की हेरिंग आणि सार्डिनसारख्या माशांत दोन प्रकारचे ग्वानिन स्फटिक मिसळलेले असतात. एकाचा ध्रुवणदोष दुसरा झाकतो. २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या गटाने लुकडाउन माशाबद्दल वेगळंच सांगितलं: तो ध्रुवण पुसत नाही, भोवतालच्या पाण्याच्या ध्रुवणाशी जुळवून घेतो. लुकडाउन हा परमिट आणि जायंट ट्रेव्हली यांच्याच कुळातला. तुमच्या गॉगलला तोंड देण्याची तयारी या माशांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी करून ठेवली आहे म्हणायची.

बोनफिशचं लपणं तर त्याच्या बालपणापासूनचं. ईल माशांसारखीच त्याची अळीही पानासारखी चपटी आणि आरपार दिसणारी असते. आधी काचेचा, मग आरशाचा.

फ्लॅट्सवर मात्र या आरशाला एक गोष्ट लपवता येत नाही. वर ऊन, खाली पांढरी वाळू, मध्ये अर्धा मीटर पाणी. आरसा बाजूच्या वाळूचा रंग परत करतो, हिरवट-करडी पाठ वरून बघणाऱ्याला फसवते, पण अंगावर पडलेलं ऊन खाली पोहोचत नाही. तळावर गडद, लांबट सावली सरकत राहते. म्हणून मुरलेले गाईड नवख्याला सांगतात की मासा शोधू नकोस, तळ बघ. गवताचा ठिपका हलत नाही, सावली हलते. ढग आला की सावली पुसली जाते आणि सगळी मंडळी हात बांधून बसतात. मग आधार उरतो तो उथळ पाण्यात डोकं तळाशी खुपसून खेकडे उकरणाऱ्या माशाच्या वर आलेल्या शेपटीचा, नाहीतर त्याने उडवलेल्या गढूळ लोटाचा.

आता माशाच्या बाजूने बघू. पाण्याखालून वरचं सगळं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावतं. तिच्या बाहेर पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे तळाचंच प्रतिबिंब. पंधरा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा पाण्यावरचा भाग या खिडकीच्या कडेला अर्ध्या अंशाहूनही कमी जागेत चेपला जातो. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यावरून अंदाज यावा. पण तुम्ही पावणेतीन मीटरची काठी डोक्यावर उभारलीत आणि तिचं टोक चार मीटरवर गेलं, की ते दोन अंशांच्या वर चढतं. पाच-सहा पट! जवळच्या माशावर फ्लाय टाकताना काठी आडवी, पाण्यालगत फिरवतात त्यामागे हे आहे. पाण्यातले पाय मात्र या खिडकीबाहेरूनही थेट दिसतात, आणि पावलांचे हादरे मासा अंगाच्या बाजूवरच्या संवेदनशील पट्ट्याने, म्हणजे पार्श्वरेषेने, टिपतो.

बाजार इथेही मागे नाही. फ्लाय बांधायला फ्लुओरोकार्बनचा धागा घ्या, तो पाण्यात 'अदृश्य' असतो, असं सांगतात. त्याचा अपवर्तनांक १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या १.३३ ला पहिला जवळचा आहे हे खरं, पण जवळचा म्हणजे तोच नव्हे. गोल धागा भिंगासारखा प्रकाश वळवतोच, आणि सावलीही पाडतो. तो घासला तरी लवकर झिजत नाही, हे घेण्याचं जास्त चांगलं कारण.

बोटीवर केळं आणलं तर मासा लागत नाही, ही समजूत तर या सगळ्या बेटांवर ठाण मांडून आहे. केळ्यावर लिहावं एवढं त्यात काही नाही. चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली असताना मासे भुकेले होतात अशी वेळापत्रकं मात्र १९३० च्या दशकापासून विकली जात आहेत. चंद्रामुळे भरती-ओहोटी होते आणि फ्लॅटवर मासा येण्याइतकं पाणी आहे की नाही हे भरती ठरवते. त्यासाठी भरतीचा तक्ता पुरतो.

मासा लागला की पहिल्याच धावेत शंभर मीटर लाइन सहज ओढून नेतो. दमल्यावर हाताशी आला की त्याला सोडायचं असतं. बेलीझमध्ये २००९ पासून बोनफिश, परमिट आणि टार्पन सोडून देणं कायद्यानेच सक्तीचं आहे, फ्लोरिडात २०१३ पासून बोनफिश आणि टार्पन. सोडलेला मासा जगतोच असं नाही. बहामातल्या एल्युथेरा बेटावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सोडताना ज्या बोनफिशचा तोल गेलेला होता ते शार्क आणि बॅराकुडाच्या तोंडी पडण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त होतं. थकवा, मंदावलेला वेग, जखमेचा वास, ही कारणं आहेतच. माझ्या मते त्यात डेंटन यांचा आरसाही धरायला हवा. मासा कलंडला की ग्वानिनचे उभे थर तिरपे होतात, बाजूच्या पाण्याऐवजी वरचं आकाश परत करू लागतात, आणि लांबूनही दिसेल असा लखलखाट होतो. म्हणून फोटोसाठी त्याला हवेत धरू नये. ओल्या हातांनी, पाण्यातच, पोट खाली आणि पाठ वर असा धरून ठेवावा, आणि तो स्वतःच्या जोराने हातातून निसटेपर्यंत सोडू नये.